रोलवर हयात गेलेल्या फोटोग्राफरला डिजिटल कॅमेरा घेऊन द्यावा का?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. माझे वडील, म्हणजे आप्पा, आता ७३ वर्षांचे आहेत. खानापुरात त्यांचा स्टुडिओ होता. तो त्यांनी १९७४ साली सुरू केला आणि २०११ साली बंद केला. सुरुवातीला यशिका मॅटवर १२० च्या रोलचे बारा फोटो आणि पुढे निकॉन एफएम-२ वर ३५ मिमीचे छत्तीस, असे त्यांचे जवळजवळ सगळे आयुष्य रोलवर गेले. २००५ साली धाकट्या काकांच्या आग्रहावरून त्यांनी निकॉनचा डी-७० घेतला, त्यावर चार लग्ने केली आणि कॅमेरा विकून टाकला. कारण विचारले, तर “ह्यात माझं काम काय उरलंय?” एवढेच म्हणाले. त्यानंतर स्टुडिओ सहा वर्षे चालला तो पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर.

आता मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, हात अजून स्थिर आहेत आणि दिवस मोकळा असतो. त्यांच्या वाढदिवसाला सगळ्या भावंडांनी मिळून एक चांगला डिजिटल कॅमेरा द्यावा, असा बेत आहे. माझे मत असे, की त्या पिढीला संगणक जमला नाही म्हणून ती मागे पडली; आजचे कॅमेरे सोपे झाले आहेत, तेव्हा आता अडचण येऊ नये. कोणता घ्यावा हे नंतर पाहू. मुळात द्यावा का, हे सांगा.

शहापुरी
जरूर द्या, पण सोबत गळ्यात अडकवायची चष्म्याची दोरीही द्या. मागच्या पडद्यावरची अक्षरे वाचायला जवळचा चष्मा लागतो आणि डोळा खिडकीला लावायचा तर तो काढावा लागतो. आमच्या मामांचा निम्मा कार्यक्रम चष्मा शोधण्यातच संपतो.

निपाणीकर
खानापूरकर, तुमच्या “संगणक जमला नाही” या विधानाशी मी सहमत नाही. जी माणसे मिट्ट काळोखात, नुसत्या बोटांच्या अंदाजाने रोल स्पूलवर चढवत होती, त्यांना माऊस हलवता आला नसता असे मानणे मला पटत नाही. अडचण हिशेबाची होती.

माझ्या चुलत्यांचा निपाणीत स्टुडिओ होता, म्हणून आतला हिशेब मला ठाऊक आहे. लग्नाच्या मूळ ऑर्डरमध्ये रोल, धुलाई, प्रिंट आणि अल्बम यांचा खर्च वजा जाता फारसे काही सुटत नसे. खरा फायदा नंतरच्या कॉप्यांमध्ये होता. निगेटिव्ह स्टुडिओत राहायची, त्यामुळे मुंबईच्या आत्याला एक, इचलकरंजीच्या मेहुण्याला दोन, असे करत वर्षभर लोक येत राहायचे. कुणी वारले की त्याच लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा मोठा करून फ्रेम करून द्यायची, हे कामही निगेटिव्हवरच चाले. ज्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाने “सगळे फोटो सीडीवर टाकून द्या” असे म्हटले, त्या दिवशी हा सगळा धंदा एका चकतीवर बसून दुकानाबाहेर गेला. काका ती सीडी देताना म्हणाले होते, “विहीरच उचलून दिली की रे.” तेव्हा आम्ही हसलो होतो.

पुढे आधार आले. त्याचा फोटो केंद्रावरच काढतात, परवान्याचा तिकडच्या कार्यालयात. तालुक्याच्या स्टुडिओचा रोजचा चहापाणी खर्च ज्या पासपोर्ट फोटोंवर निघायचा, तेही काम बघता बघता निम्म्यावर आले.

गोकाकची_धार
विषय निघालाच आहे, तर “कोऱ्या फ्लॅश”बद्दलही कुणीतरी कबुली द्या. अक्षता पडल्यावर वधूवरांशेजारी उभे राहायला दीडशे पाहुण्यांची रांग लागायची आणि फोटोग्राफरकडे उरलेले असायचे अकरा फोटो. मग तो कॅमेरा डोळ्याला लावून नुसताच फ्लॅश उडवायचा. पाहुणे खूश, वधूपिता खूश. अल्बम आल्यावर “आमचा फोटो कुठे आहे?” असे कुणी विचारले, तर “रोल भिजला” हे उत्तर तयार असे. डिजिटलने ही कला कायमची मारली.

हायपो
कबुली देतो. मी सोळा वर्षे बेळगावच्या एका स्टुडिओत डार्करूमचे काम केले आणि हंगामात लग्नांनाही गेलो. कोरे फ्लॅश मी स्वतः मारलेले आहेत. मात्र वधूच्या मामाला कधीही फसवले नाही, कारण मामा अल्बम मोजून घेतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. निपाणीकरांचा मुद्दा खरा आहे, पण खानापूरकरांच्या वडिलांनी चार लग्नांतच कॅमेरा विकला, याचे कारण मला उजेडात दिसते. निगेटिव्ह फिल्मवर उजेड थोडा जास्त पडला, तरी ती सांभाळून घेते आणि प्रिंट करताना तो भाग वळणावर आणता येतो. उजेड कमी पडला, तर मात्र सावलीतले काहीच उमटत नाही. त्यामुळे “शंका आली तर अर्धा स्टॉप जास्त द्या” हे त्या पिढीच्या हातात मुरलेले होते (स्टॉप म्हणजे उजेडाचे माप). डिजिटलचा सेन्सर याच्या उलट वागतो. सावलीतून बरेच काही वर काढता येते, पण पांढरा भाग एकदा जळला की तिथे काहीच उरत नाही. आता आपल्याकडचे लग्न डोळ्यांसमोर आणा: वैशाखातली दुपार, मांडवाच्या कडेने आत घुसणारे ऊन, पांढरे धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, त्यातच फ्लॅश, आणि कॅमेऱ्यामागे अर्धा स्टॉप जास्त देणारा तीस वर्षांचा हात. फोटोत माणसे कशी आली असतील, ते सांगायला नको. स्लाइडवर, म्हणजे थेट सुलटे चित्र देणाऱ्या फिल्मवर, काम केलेल्या मोजक्या लोकांना हा त्रास झाला नाही, कारण स्लाइडलाही जास्तीचा उजेड खपत नाही. तालुक्याच्या गावात लग्नासाठी स्लाइड कोण वापरणार?

तुमच्या वडिलांना एवढेच विचारून पाहा, की त्या चार लग्नांत नेमके काय बिघडले होते.

अथणीकर
मी स्वतः ६८ वर्षांचा फोटोग्राफर आहे आणि या धाग्यात रोलच्या आठवणींना जो पाझर फुटतो आहे, त्यात थोडे पाणी ओतण्याची परवानगी असावी. रंगीत रोल धुण्याची सोय आमच्याकडे नव्हती. त्या प्रक्रियेत डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअसवर राखावे लागते आणि वेळ असतो सव्वातीन मिनिटे. अंश-अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी रंग हलतो. अथणीच्या उन्हाळ्यात, अवेळी जाणाऱ्या विजेवर ते कोण करणार? म्हणून लग्न झाले की रोलची पुडी कंडक्टरच्या हाती द्यायची, लॅबचा माणूस स्टँडवर येऊन ती घ्यायचा आणि तीन दिवसांनी प्रिंट त्याच बसने परत यायच्या. ते तीन दिवस मला झोप लागत नसे. एकदा एका लॅबने माझे चार रोल बिघडवले. मुलीच्या बापापुढे उभे राहून मी काय बोललो, ते आज आठवत नाही. त्याने मला खुर्ची दिली होती, एवढे आठवते.

२००६ साली मी डिजिटल घेतला. पहिल्याच लग्नात मंगलाष्टकांनंतर बाजूला जाऊन पडदा पाहिला, हार घालतानाचा फोटो नीट आला आहे याची खात्री केली आणि जेवायला बसलो. लग्नात पोटभर जेवल्याचा तो माझा पहिलाच प्रसंग होता. ज्यांना गहिवर येतो त्यांनी खुशाल गहिवरावे, मला रोल परत नको.

कॅम्पातली
अथणीकरांची कैफियत वाचून हसूही आले आणि वाईटही वाटले. मी वेगळ्या बाजूने लिहिते, कारण स्टुडिओच्या गोष्टीत घरच्या बायका कुठे दिसत नाहीत.

आमचे दुकान बेळगावच्या कॅम्प भागाजवळ होते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातली रंगरूट मुले रविवारी सुटी मिळाली की नव्या गणवेशात फोटो काढायला यायची. गावी पत्रातून पाठवायला प्रत्येकाला पोस्टकार्ड आकाराच्या तीन-चार प्रती हव्या असत. फोटो वडील काढायचे, प्रिंट मारायचे, पण धुतलेल्या प्रिंट घरी यायच्या. आई त्या चकचकीत पत्र्यावर पालथ्या घालून वरून रबरी रूळ फिरवायची. वाळल्या की प्रिंट आपोआप टक्, टक् आवाज करत पत्र्यावरून सुटायच्या, आणि दुपारी त्या आवाजानेच आम्ही मुले गोळा व्हायचो. कडा कापायचे काम माझे होते. कुणाच्या गालावर व्रण किंवा पुळी असेल, तर आई निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने टिंब टिंब देऊन ती घालवायची. निगेटिव्हवर काळे केलेले प्रिंटवर पांढरे येते, हे मी शाळेत जाण्याआधी शिकले. बाहेर “फोटोग्राफर” म्हणून नाव वडिलांचे होते.

डिजिटल आले तेव्हा वडिलांचा कॅमेरा बदलला. आईचे कामच गेले. तिला त्याबद्दल काय वाटले, हे आम्ही कुणी विचारले नाही.

हायपो
कॅम्पातली, त्या पेन्सिलीच्या कामाला आमच्याकडे “टचिंग” म्हणत आणि चांगला टचिंगवाला मिळणे हे चांगला फोटोग्राफर मिळण्याहून अवघड असे. आपल्या मातोश्रींना नमस्कार सांगा. त्यांच्या बोटांना रसायनाचा त्रास झाला नाही ना? डेव्हलपरमधल्या मेटॉलने माझी कातडी इतकी सोलवटायची, की जेवताना आमटीत बोट घालवत नसे.

खानापूरकर
हायपो, काल रात्री आप्पांना तुमचा प्रश्न विचारला. ते आडवे झाले होते, उठून बसले. म्हणाले, “धोतरं जळत होती रे सगळी. मला वाटलं कॅमेराच खराब हाय. कुणाला विचारू?” मी तुमचे लिखाण मोठ्याने वाचून दाखवले. अर्धा स्टॉपचे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावले आणि मग बराच वेळ छताकडे पाहत राहिले. वीस वर्षे त्यांनी ही गोष्ट स्वतःची चूक म्हणून मनात ठेवली होती. आणि मी इथे येऊन “संगणक जमला नाही” असे लिहून मोकळा झालो होतो! ते विधान मागे घेतो.

मलप्रभा
या हिशेबाची गंमत अशी, की आपल्या तालुक्याच्या स्टुडिओंचे जे झाले तेच कोडॅकचेही झाले. पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच एका अभियंत्याने, स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली तयार केला. शंभर बाय शंभर ठिपक्यांचे कृष्णधवल चित्र साध्या कॅसेटवर साठायला २३ सेकंद लागत. पण कंपनीची कमाई होती रोल, कागद आणि रसायने यांच्यावर, त्यामुळे स्वतःच्याच शोधावर सर्वस्व लावणे तिला जड गेले. जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, म्हणजे खानापूरकरांच्या आप्पांनी दुकान बंद केले त्याच्या आसपासच. निपाणीकरांच्या काकांची विहीर आणि कोडॅकची विहीर, दोन्हींचे पाणी एकच होते.

आपल्याकडे उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखानाही होता. त्यांचा “इंदू” नावाचा कृष्णधवल रोल आणि कागद आठवतो का कुणाला?

अथणीकर
आठवतो. पूर्व जर्मनीचा ऑर्वोही आठवतो. मिळेल तो रोल चांगला, असे दिवस होते ते.

वडगावकर
शिकण्यासंबंधी एक अनुभव. माझ्या सासऱ्यांनी ६१ व्या वर्षी फोटोशॉप शिकायचे ठरवले. शिकवायला बैलहोंगलचा एक विशीतला मुलगा मिळाला. तो कन्नडमधून सांगे, सासरे मराठीतून विचारत आणि मेनू इंग्रजीत होता. तरीही दोन महिन्यांत ते शिकले, आणि तेही कसे, तर डार्करूमच्या आधारे. “डॉज” आणि “बर्न” ही हत्यारे दिसताच त्यांना उलगडा झाला: एनलार्जरखाली (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राखाली) हाताची सावली धरून जो भाग उजळ ठेवायचा आणि पुठ्ठ्याच्या भोकातून जादा उजेड देऊन जो भाग काळा करायचा, तेच हे. मग उलट तेच त्या मुलाला शिकवू लागले. करिझ्मा अल्बममध्ये, म्हणजे संगणकावर सजवलेल्या छापील अल्बममध्ये, वधूला गुलाबाच्या पाकळीत बसवायचे काम मात्र त्यांनी शेवटपर्यंत त्या मुलाकडेच ठेवले. त्यांचे म्हणणे, माणूस पाकळीत मावत नाही.

शहापुरी
आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी ताजमहालासमोर उभा आहे. मी आजवर आग्र्याला गेलेलो नाही.

निपाणीकर
कॅमेऱ्याच्या बाबतीत एक सूचना. आप्पांकडे एफएम-२ च्या लेन्स अजून असतील, तर त्या फेकू नका. निकॉनचा माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खोबण, १९५९ पासून तोच असल्यामुळे त्या नव्या बॉडीवर बसतात, पण डी-७० वर बसवल्या की उजेड मोजणारा मीटर बंद पडतो. शिवाय सेन्सर लहान असल्याने ५० मिमीची लेन्स ७५ मिमीसारखे अरुंद दाखवते. २००५ साली त्यांना तोही त्रास झाला असणार. डी-७२०० सारखी बॉडी जुन्या लेन्सवर मीटर दाखवते. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घेतलात तर जुन्या लेन्स जोडायला अडॅप्टर लागेल, पण खिडकीतच चित्र मोठे करून फोकस पाहता येतो आणि उजेड किती येणार हे बटण दाबण्यापूर्वीच दिसते. सत्तरीच्या डोळ्यांसाठी मी तेच सुचवेन. धोतर जळत असेल तर तेही आधीच दिसेल.

हायपो
निपाणीकरांशी सहमत आहे. पण त्याआधी विचारतो: निगेटिव्हचे काय केले? खानापूर-जांबोटीकडच्या पावसात निगेटिव्ह जिलेटिनसकट एकमेकींना चिकटतात आणि लेन्सला बुरशी धरते. पेट्या शेवटच्या कधी उघडल्या होत्या?

आणि एनलार्जर आहे का अजून? असेल तर त्याचे डोके काढा, त्याच खांबावर कॅमेरा खाली तोंड करून बसवा, खाली पांढरा सपाट एलईडी दिवा ठेवा आणि मॅक्रो लेन्सने एकेक निगेटिव्ह टिपा. निगेटिव्ह सपाट राहण्यासाठी एनलार्जरचाच कॅरियर चालतो. आयएसओ १००, एफ ८, आणि खोलीत दुसरा उजेड नको. नंतर संगणकावर चित्र उलटे केले की झाले. रंगीत निगेटिव्हला नारिंगी झाक असते, ती काढायला थोडी खटपट लागते. कृष्णधवलला काहीच लागत नाही. तालुक्यातल्या स्टुडिओंच्या पेट्यांत नुसती लग्ने नसतात. निपाणीचे १९८१ चे तंबाखू आंदोलन, १९८६ चे कन्नड सक्तीविरोधी आंदोलन, शिवजयंतीच्या रात्रीचे चित्ररथ, हे वर्तमानपत्रांआधी अशाच कुणीतरी टिपलेले असते आणि माळ्यावर सडत पडलेले असते.

कॅम्पातली
हे वाचून मी माळ्यावर चढले. आमच्या तीन पेट्यांपैकी एकीला वाळवी लागलेली आहे. दोन वाचतील असे वाटते.

खानापूरकर
पाच आठवड्यांनी लिहितो आहे, क्षमस्व. सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटी एक वापरलेला मिररलेस, अडॅप्टर आणि मॅक्रो लेन्स घेतली. आप्पांनी वाढदिवसाला तो हातात घेतला, चारी बाजूंनी पाहिला आणि ठेवून दिला. दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी एनलार्जर खाली काढला आणि मुद्दाम खांबावर कॅमेरा वाकडा बसवला. त्यांना वाकडे काही पाहवत नाही. स्पॅनर मागवला, पाणसळ मागवली आणि संध्याकाळपर्यंत सगळे काटकोनात आणले.

आता रोज सकाळी दहा ते एक ते खोलीचे दार लावून बसतात. खिडकीला जुनाच काळा पडदा लावला आहे. निगेटिव्हची मॅट बाजू कुठली, हे ते ओठाच्या कडेला हलकेच लावून ओळखतात. मी असे करू नका म्हटले, तर माझ्याकडे दुर्लक्ष केले. पेट्यांतले साधारण एक चतुर्थांश चिकटून गेले आहे. उरलेल्यापैकी १९७९ पर्यंतचे झाले.

एक गोष्ट निपाणीकरांसाठी. परवा नंदगडहून एक गृहस्थ त्यांच्या आईचा लग्नातला फोटो आहे का, म्हणून विचारत आले. आप्पांची नोंदवही गावानुसार आहे, माणसांच्या नावांनुसार नाही, आणि तारखेऐवजी तिथी लिहिलेली आहे. वीस मिनिटांत निगेटिव्ह सापडली. त्या गृहस्थांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाले, “ह्यात टाकून द्या, काका.” आप्पा म्हणाले, “कॉपी मिळेल. किती पाहिजेत?”

निपाणीकर
दर काय ठेवला आहे?

खानापूरकर
विचारले. म्हणाले, आकारावर आहे. आणि निगेटिव्ह मिळणार नाही.